नकाशावरची वीस मिनिटं

ताई,

‘दोन मुलांची आई’ या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया मी आधी एकटीने वाचली, मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, “बरोबर बोलतायत त्या.” त्यामुळे उत्तराला दोन दिवस जास्त लागले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फ्लोरिडातल्या ऑर्लॅंडोच्या, म्हणजे डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या थीम पार्कांच्या सहलीवरच्या लेखात मी लिहिलं होतं की रात्रीचं जेवण पार्कच्या आत घेऊ नका, बाहेर पडा. इंटरनॅशनल ड्राइव्ह या पर्यटकांच्या रस्त्यावर वीस मिनिटांत पोचाल, तिथे ढिगाने रेस्टॉरंट आहेत. ताई पुण्याहून आल्या होत्या, बरोबर दोन मुलं, नवरा आणि सासू-सासरे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला त्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कमधून निघाल्या. टेबलावर बसल्या तेव्हा पावणेनऊ वाजले होते. धाकटा गाडीतच झोपला आणि उठवल्यावर जो रडायला लागला तो थांबेना. शुद्ध शाकाहारी सासूबाईंच्या सॅलडवर बेकनचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा चुरा आला. बिलात टीप आधीच धरलेली होती, ते न कळल्याने वरून आणखी दिली गेली. ताईंचा शेवटचा शेरा असा: “जेवणावरचे चार पैसे वाचवायला सांगून तुम्ही आमची सहलीतली एक संध्याकाळ घालवलीत. आतच खाल्लं असतं तर बरं झालं असतं.”

सगळ्यात आधी वीस मिनिटांची चूक कबूल करते. तो आकडा मी फोनवरच्या नकाशात बघून लिहिला होता, आणि नकाशा गाडी सुरू झाल्यापासूनचा वेळ मोजतो. मॅजिक किंगडमचं वाहनतळ पार्कच्या दाराशी नाहीच. मधे मोठं तळं आहे. दारातून बाहेर पडायचं, मोनोरेलच्या नाहीतर फेरीबोटीच्या रांगेत उभं राहायचं, पलीकडे उतरायचं, मग ट्रामने नाहीतर पायी गाडीपर्यंत जायचं. बाबागाडी घडी करा, उघडा, आजोबांना हळूहळू आणा. यातच पाऊण तास जातो. त्यानंतर आय-फोर हा हायवे, आणि संध्याकाळच्या आय-फोरबद्दल ऑर्लॅंडोतली माणसं जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातून गाडीने चार वेळा गेलोय आणि चारही वेळा त्यात अडकलोय. तरीही मी वीस मिनिटं लिहिलं. लेख लिहिताना माणूस घरातल्या सोफ्यावर बसलेला असतो, एवढंच त्याचं कारण.

दुसरी चूक मला जास्त लागली, कारण ती मला आठवायला हवी होती. मी अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी लिहिलं आणि वाचणारे निम्मे भारतातून येणारे. उन्हाळ्यात ऑर्लॅंडो भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. तुम्ही सातला निघालात तेव्हा तुमच्या धाकट्याच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे साडेचार वाजले होते. दिवसभर उन्हात चालून पहाटे साडेचारला जेवायला बसलेलं पोर रडणार नाही तर काय करेल? माझे सासू-सासरे सांगलीहून आले तेव्हा पहिले चार दिवस आमच्याकडेही हेच झालं होतं: संध्याकाळी सहाला बाबा खुर्चीतच पेंगायचे आणि पहाटे तीनला स्वयंपाकघरातून चहाच्या भांड्याचा आवाज यायचा. तेव्हा आम्ही शहाणपणाने मुख्य जेवणच दुपारी अडीच-तीनला हलवलं. त्या वेळी रेस्टॉरंट ओस असतात, बाहेर ऊन रणरणत असतं (जून ते सप्टेंबर तर दुपारी गडगडाटी पाऊसही ठरलेला), आणि राईड्सच्या रांगा सर्वांत लांब असतात. रात्री खोलीवर दहीभात, फळं, पाव-चीज असं काहीतरी. भारतातून येणाऱ्यांनी निदान पहिले तीन-चार दिवस रात्रीच्या जेवणासाठी कुठेही जाऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे. हे मूळ लेखात नव्हतं. असायला हवं होतं.

इथपर्यंत तुमचं बरोबर. पण “आतच खाल्लं असतं तर” याच्याशी मी सहमत नाही.

डिस्नेच्या पार्कमधल्या बसून जेवायच्या जागांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि बऱ्या जागा लवकर भरतात. बुकिंग नसेल तर सातच्या सुमाराला हाती लागतात काउंटरवरचे बर्गर, आणि ते खायला जागा शोधत फिरायचं. एप्कॉट हे डिस्नेचं दुसरं पार्क याला अपवाद आहे, तिथलं खाणं खरंच चांगलं आहे, हे मान्य. पण मॅजिक किंगडममध्ये आतषबाजीच्या आधीच्या दोन तासांत सहा जणांना एका टेबलावर बसवून दाखवा. आणि ‘चार पैसे’ म्हणाल तर बाहेर जेवण्याचा माझा आग्रह पैशासाठी नव्हता. आमच्या सासूबाईंना गुडघ्यामुळे पाठ टेकायला गादीची खुर्ची लागते, स्वच्छतागृह जवळ लागतं, आणि अर्धा तास कुणी कानाशी गाणं वाजवलेलं नको असतं. पार्कमध्ये या तीन गोष्टी एकत्र क्वचित मिळतात.

माझं चुकलं ते ‘बाहेर’ या शब्दात. बाहेर म्हणजे गाडीत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला, असा अर्थ मी होऊ दिला. खरं तर आधी आपण कुठल्या दारातून, किती वाजता बाहेर पडणार आहोत ते बघायचं आणि त्या दाराशी जे जवळ असेल ते घ्यायचं. पदार्थ, रेटिंग, कुणी फोटो टाकलेत, हे सगळं त्यानंतर.

तुमच्याच संध्याकाळचं उदाहरण घेते. मॅजिक किंगडमच्या दारातून कंटेम्पररी हे हॉटेल पायी दहा मिनिटांवर आहे. मोनोरेलच्या एका वर्तुळात कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन अशी तीन हॉटेलं येतात. तिथे जेवायला हॉटेलात राहावं लागत नाही, पार्कचं तिकीट लागत नाही आणि गाडी तर नकोच. तिन्हीकडे महागड्या जागांबरोबर काउंटरवरून घेऊन बसायच्या साध्या जागाही आहेत. जेवून मुलांमध्ये जीव उरला असेल तर मोनोरेलने परत पार्कमध्ये येऊन आतषबाजी बघता येते. कंटेम्पररीतलं मिकी-मिनीबरोबरचं बुफे मुलांना फार आवडतं, पण एक लक्षात ठेवा: डिस्नेच्या हिशेबात ३ ते ९ वर्षांचं ते मूल आणि दहा पूर्ण झाली की मोठा माणूस. आमचा मोठा दहाचा झाला त्या वर्षी त्याने मोठ्या माणसाच्या पैशात दोन वाट्या मॅकरोनी खाल्ली.

एप्कॉटला मागच्या बाजूला, फ्रान्स आणि ब्रिटन या देशांच्या दालनांच्या मधे, दुसरं दार आहे. ते पुष्कळांना माहीतच नसतं. तिथून बाहेर पडलं की तळ्याकाठी बोर्डवॉक आणि बाजूची दोन-तीन हॉटेलं काही मिनिटांच्या अंतरावर. त्याच दाराशी स्कायलायनर हा २०१९ मध्ये सुरू झालेला रोपवेही आहे. एकदा पाळणा बदलून तो पॉप सेंच्युरीसारख्या स्वस्त हॉटेलांपर्यंत नेतो, जिथल्या फूड कोर्टात प्रत्येकाला वेगळं काहीतरी घेता येतं. आमच्याकडे जेवणापेक्षा या पाळण्याचंच कौतुक जास्त झालं. युनिव्हर्सलच्या दोन जुन्या पार्कांचा तर प्रश्नच नाही, कारण वाहनतळाकडे जाताना सिटीवॉक हा रेस्टॉरंट-दुकानांचा भाग ओलांडूनच जावं लागतं.

आणि डिस्नेचंच ॲनिमल किंगडम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या चार फेऱ्यांमधली सगळ्यात चांगली संध्याकाळ इथली. हे पार्क इतरांपेक्षा लवकर बंद होतं. त्याच्या जवळच ॲनिमल किंगडम लॉज आहे आणि त्यातल्या किदानी व्हिलेजमध्ये ‘सना’ नावाचं रेस्टॉरंट. आफ्रिकी स्वयंपाक, पण त्यावर भारतीय मसाल्यांची छाया. तिथे नान आणि इतर रोट्यांचं ताट मिळतं आणि त्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या, रायती, लोणची. सांगलीच्या माणसांना चिंचेची चटणी आणि काकडीची कोशिंबीर समोर आल्यावर काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता. आणि खिडकीबाहेर गवतात जिराफ आणि झेब्रे. बाबांनी नानचा तुकडा हातात तसाच धरून पाच मिनिटं जिराफाकडे बघितलं. मात्र अंधार पडला की बाहेरचं फारसं दिसत नाही. जूनमध्ये सूर्य साधारण सव्वाआठनंतर मावळतो, डिसेंबरमध्ये साडेपाचलाच. वेळ त्या बेताने घ्या. बुकिंग आधी करा आणि हॉटेलच्या फाटकावर पहारेकऱ्याला ते सांगा, म्हणजे गाडी आत सोडतात. तुम्ही राहत होतात तिथून हे इंटरनॅशनल ड्राइव्हपेक्षा जवळ होतं. मी ते लेखात एका ओळीत उरकलं याचं मला खरंच वाईट वाटतंय.

आता सासूबाईंचं सॅलड. तिथल्या वेटरची बाजू घेत नाही, पण अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. नो मीट, नो फिश, नो एग, नो बेकन, असं पाढे म्हटल्यासारखं सांगावं लागतं. बेकन वेगळं सांगायचं, कारण काही लोकांच्या लेखी ते मांस नसून मीठमसाला असतं. मेक्सिकन ठिकाणी राजम्यासारखी घोटलेली उसळ दिसली म्हणून आपण हुरळतो, पण तीत डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, विचारून घ्या. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा असतो. फ्रेंच फ्राईज बऱ्याचदा चिकनच्याच तेलात तळतात. डिस्नेच्या मेनूत हिरव्या पानाची खूण असते, ती असलेल्या पदार्थात मांस, अंडं, दूध, मध काहीच नसतं. पण ते पान कांदा-लसणाबद्दल काही सांगत नाही, आणि ते नसलं म्हणजे पदार्थात मांस आहेच असंही नाही.

खात्रीचं भारतीय जेवण हवं असेल तर सॅंड लेक रोड आणि ऑरेंज ब्लॉसम ट्रेल या दोन रस्त्यांवर शोधा. भारतीय किराणाही ट्रेलवर मिळतो. पण हे पार्कच्या दिवशी नको. मधे जो विश्रांतीचा दिवस ठेवतात, त्या दिवशी. एके काळी या सगळ्याचं सोपं उत्तर होतं: स्वीट टोमॅटोज नावाची सॅलड-सूपच्या बुफेची साखळी, डिस्नेजवळही एक होतं. आजीपासून नातवापर्यंत सगळे आपलं आपण वाढून घ्यायचे. २०२० मध्ये ती साखळी बंद पडली. अजून आमच्या घरात तिचं नाव निघालं की माणसं हळहळतात.

एकादशीचा किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. आमच्या सहलीत एकादशी आली आणि सासूबाईंचा उपास. साबुदाणा मागे राहिला होता. शेवटी आम्ही त्यांना कुठे नेलं असेल? स्टेकहाउसमध्ये, म्हणजे जिथे मुख्य पदार्थ गोमांसाचा. कारण अख्खा भाजलेला बटाटा आणि भाजलेलं रताळं ही स्टेकहाउसची हुकमी जोडी. लोणी वेगळं मागवलं, मीठ वरून घातलं. शेजारच्या टेबलावर काय चाललंय तिकडे त्यांनी पाठ केली आणि म्हणाल्या, “बटाटा मात्र झकास आहे हो.” सगळ्यांना हे जमेल असं नाही. वासाचा त्रास होणाऱ्यांना तर मुळीच नाही.

टिपेबद्दल: फ्लोरिडात टीप बिलात आधीच धरत असतील तर ते मेनूवर आणि बिलावर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ते नजरेतून सुटतंच. डिस्नेत सहा किंवा जास्त माणसं असली की १८ टक्के आपोआप लागतात. तुम्ही सहा जण होतात. पर्यटकांच्या रस्त्यांवर काही जण दोघांच्या बिलातही लावतात. त्यावर ऑरेंज काउंटीत, म्हणजे ऑर्लॅंडोच्या जिल्ह्यात, साडेसहा टक्के कर, म्हणजे मेनूवरचे १०० डॉलर साडेचोवीसने वाढतात. तुम्ही वरून आणखी १८ दिलेत, ते साडेबेचाळीसने वाढले. ‘ग्रॅच्युइटी’ किंवा ‘सर्व्हिस चार्ज’ हे शब्द बिलात आधी शोधा, पेन नंतर उचला.

आणि तुम्ही विचारलंत की पार्कमध्ये घरचं नेता येतं का. डिस्नेत येतं. काचेची बरणी आणि सुटा बर्फ चालत नाही, बाकी थेपले, दशम्या, लाडू खुशाल न्या. काउंटरवर गार पाणी फुकट मिळतं. युनिव्हर्सलचे नियम जास्त कडक आहेत, तिथे हा बेत करू नका.

मूळ लेखातली ‘वीस मिनिटांत पोचाल’ ही ओळ मी काढलेली नाही, तिच्यावर काट मारून खाली तुमची वेळ लिहिली आहे: सातला निघाल्या, पावणेनऊला बसल्या. तुमची हरकत असेल तर कळवा. आणि धाकटा त्या रात्री शेवटी काय जेवला ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आमची धाकटी विचारतेय.