चार शतांशांनी हुकलेले पदक

अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस डान्सचे (स्केट्स घालून बर्फावर जोडीने करायच्या नृत्याचे) सुवर्णपदक ‘अनपेक्षितपणे’ पटकावले, असे त्यांच्यावरील लेखात वाचले; ते विधान मला पटले नाही. मिशिगनमधील ही जोडी १९९७ पासून, म्हणजे दोघे प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून, एकत्र सराव करीत होती. २००९ च्या जागतिक स्पर्धेत त्यांचे कांस्यपदक केवळ ०.०४ गुणांनी हुकले आणि ते ज्यांना मिळाले, त्या कॅनडाच्या व्हर्च्यू-मॉयर जोडीबरोबर, एकाच प्रशिक्षिकेच्या हाताखाली, त्यांना रोज त्याच बर्फावर उतरावे लागत होते. मला तर पदकांपेक्षा हेच अधिक अवघड वाटते! २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि २०११ मध्ये या प्रकारातील अमेरिकेचे पहिले जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या जोडीचे सुवर्ण अनपेक्षित कसे म्हणता येईल?

व्हँकुव्हरला त्यांनी हिंदी चित्रपटगीतांवर केलेल्या नृत्याचा उल्लेख लेखात नाही, ही उणीवही जाणवली. कथक शिकलेली असल्याने मी ते काहीशा साशंक मनाने पाहायला बसले होते. परंतु स्केट्स घालून, भरधाव वेगातही त्यांच्या हस्तमुद्रा आणि मानेच्या हालचाली इतक्या नेटक्या होत्या की, त्यामागची मेहनत लगेच लक्षात आली.