शार्क खोटे, मग मॅक्सिमस खरा कसा?

‘ग्लॅडिएटर २’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि गेला, पण त्यावरचं भांडण काही मिटत नाही. कुणी नव्यानं घरी बसून बघितला की तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं सार असं: रिडली स्कॉटचा २००० सालचा ‘ग्लॅडिएटर’ इतिहासाला धरून होता म्हणून तो थोर, त्याच दिग्दर्शकानं दुसऱ्या भागात इतिहास धाब्यावर बसवला म्हणून तो फसला. आरोपपत्रातली कलमं ठरलेली असतात. कोलोसियममध्ये पाणी भरून जहाजांची लढाई आणि त्यात शार्क, गेंड्यावर स्वार झालेला योद्धा, खानावळीत वर्तमानपत्र वाचत बसलेला रोमन, विदूषकी रंगरंगोटीतले दोन सम्राट (कॅराकॅला आणि गेटा हे भाऊ), आणि डेन्झेल वॉशिंग्टनचा मॅक्रिनस, जो म्हणे आजच्या अमेरिकी राजकारणाच्या सोयीसाठी घुसडला.

दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही, हे मलाही मान्य आहे. पण कारण इतिहासाचं असेल, तर आधी पहिल्याचीच झडती घ्यायला हवी.

पहिल्या भागात म्हातारा सम्राट मार्कस ऑरेलियस ठरवतो की गादी मुलाला, म्हणजे कोमोडसला, द्यायची नाही. ती सेनापती मॅक्सिमसकडे सोपवून रोममध्ये पुन्हा प्रजासत्ताक आणायचं. ते ऐकून मुलगा बापाला मिठीत दाबून गुदमरवून मारतो. दृश्य जबरदस्त आहे, पण सगळं रचलेलं. मॅक्सिमस नावाचा असा सेनापती नव्हताच. कोमोडसला मार्कसनं स्वतः इ.स. १७७ मध्येच सहसम्राट केलं होतं. १७ मार्च १८० रोजी मार्कस मोहिमेवर असताना गेला, तेव्हा गादीचा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. कोमोडसची मर्जी राखायला वैद्यांनीच म्हाताऱ्याला संपवलं, अशी ऐकीव बातमी त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ देतो. पण वारस बदलायचा बेत होता असं तोही म्हणत नाही. उलट, दत्तक वारस नेमण्याची जवळजवळ शतकभर चाललेली चांगली रीत मोडून पोटच्या पोराला पुढे आणलं, हाच मार्कसवरचा जुना ठपका आहे. चित्रपटानं तोच ठपका पुसून त्याला संत करून टाकलं.

पुढचं तर याहून मोठं. चित्रपटात कोमोडस थोडक्या काळात मॅक्सिमसच्या हातून रिंगणात मरतो आणि सत्ता सिनेटकडे परत जाण्याची आशा उरते. प्रत्यक्षात त्यानं बापामागे बारा वर्षं राज्य केलं. ३१ डिसेंबर १९२ रोजी त्याला आधी विष दिलं गेलं, ते उलटून पडलं, म्हणून नार्सिसस नावाच्या मल्लाला पाठवून त्याचा गळा आवळला. नंतर आला पर्टिनॅक्स. तो तीन महिने टिकला. त्याला ठार करून शाही पहारेकऱ्यांनी गादीचा चक्क लिलाव पुकारला आणि डिडियस ज्युलियानस नावाच्या श्रीमंत सिनेटरनं ती विकत घेतली. प्रजासत्ताकाच्या स्वप्नाचं प्रत्यक्षात झालं ते हे.

कोमोडसची बहीण लुसिला, तिचीही तीच कथा. भावाविरुद्धच्या कटात तिचं नाव आल्यावर कोमोडसनं तिला काप्री बेटावर धाडलं आणि थोड्याच काळात मारून टाकलं. म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटीच ती जिवंत असायला नको होती. दुसऱ्या भागात ती दिसते ही चूक पहिल्याकडूनच वारशानं आलेली आहे, तिचा दंड मात्र दुसऱ्यानं भरायचा.

इथे खुद्द डिओनं पाहिलेला एक प्रसंग सांगतो. डिओ नुसता इतिहासकार नव्हता, सिनेटर होता, त्या खेळांना त्याला हजर राहावं लागे. एकदा कोमोडसनं रिंगणात शहामृग मारला, त्याचं मुंडकं कापलं आणि डाव्या हातात ते, उजव्या हातात रक्ताळलेली तलवार, असा सिनेटरांच्या रांगेसमोर येऊन उभा राहिला. बोलला काही नाही. नुसतं दात काढत डोकं हलवलं. पुढची पाळी तुमची, एवढाच अर्थ. आता खरं तर थरकाप उडायला हवा, पण डिओ म्हणतो की आम्हांला हसू फुटायला लागलं. हसलो असतो तर तिथल्या तिथे गेलो असतो. म्हणून त्यानं आपल्या डोक्यावरच्या मुकुटातली लॉरेलची पानं तोडून तोंडात घातली, चघळत राहिला आणि शेजाऱ्यांनाही तसंच करायला सांगितलं, म्हणजे जबडे हलत राहतील आणि हसू लपेल.

हे दृश्य २००० साली पडद्यावर आलं असतं तर लोक म्हणाले असते, काय कार्टून आहे! खरा कोमोडस असाच होता. त्यानं महिन्यांना स्वतःची नावं दिली, रोमलाही आपलं नाव दिलं, आणि नीरोच्या वेळच्या प्रचंड पुतळ्याचं डोकं काढून आपलं बसवलं. पहिल्या चित्रपटानं हे सगळं गाळलं आणि वाकिन फीनिक्सला बापाच्या प्रेमाला आसुसलेला, अंधारात बोलणारा कोमोडस दिला. अभिनय उत्तम. पण इतिहासाचा वेडेपणा कमी करून तो पटेलसा केलेला आहे. चिखल, बर्फ, मॅक्सिमस झालेल्या रसेल क्रोचा घोगरा आवाज आणि पाठीमागचं संगीत यांनी आपण भारावतो आणि भारावलेपणाला खरेपणा समजतो. सगळा घोळ इथे आहे.

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त हशा त्यावर पिकतो. कोलोसियम इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसनं खुलं केलं, शंभर दिवस खेळ चालले, आणि डिओ लिहितो की त्यात रिंगण अचानक पाण्यानं भरून टाकलं गेलं. पाण्यात सरावलेले घोडे आणि बैल आणले, जहाजांवर माणसं चढवून जुन्या ग्रीक युद्धाची नक्कल केली. कवी मार्शल त्याच सुमाराचा. तोही थट्टेनं लिहितो की उशिरा आलेल्या पाहुण्या, आत्ता इथे समुद्र दिसतोय, पण मघाशी जमीन होती. सम्राटांची चरित्रं लिहिणारा स्वेटोनियस मात्र ही जलयुद्धं दुसऱ्या, खास खोदलेल्या तळ्यावर झाली असं सांगतो, त्यामुळे अभ्यासकांत वाद आहे. पण ‘कोलोसियममध्ये पाणी’ ही कल्पना हॉलिवूडच्या डोक्यातून निघालेली नाही, एवढं नक्की. अशा लढायांची हौस जुनीच. ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ४६ मध्ये रोममध्ये तळं खोदून एक भरवली होती, आणि सम्राट क्लॉडियसनं फुचिनो सरोवरावर हजारो कैद्यांना जहाजांवर चढवून लढवलं होतं.

चित्रपटाची खरी चूक काळाची आहे. टायटसनंतर त्याचा भाऊ डोमिशियन याच्या काळात रिंगणाखाली तळघर बांधलं गेलं: बोगदे, पिंजरे, जनावरं वर उचलून आणणारे पाळणे. ते झाल्यावर पाणी भरायला जागाच उरली नाही. चित्रपट घडतो त्यानंतर शंभरहून जास्त वर्षांनी. हा आक्षेप कुणी घेतला तर मी मान डोलावीन. पण फिरणाऱ्या मजकुरात तळघराचा उल्लेखसुद्धा नसतो.

शार्क? ते खोटेच. एकही पुरावा नाही. कोलोसियम बांधू शकणाऱ्यांना जाळ्यात दोन शार्क धरून आणणं काय अवघड, असं स्कॉटचं म्हणणं. पण समुद्र तिथून पंचवीसेक किलोमीटरवर, आणि नळमार्गांनी येणारं पाणी गोडं. त्यात शार्कनं माणसं खाण्याआधी स्वतःच मान टाकली असती. इथे मजकूरवाले जिंकले.

गेंड्यावर मात्र नाही. मार्शलनंच टायटसच्या खेळांतल्या गेंड्याचं वर्णन केलं आहे, आणि ते चित्रपटाहून मजेदार आहे. जनावराला राग येईना. घाबरलेले राखणदार त्याला टोचत राहिले, तरी ढिम्म. लढत होईल ही आशाच प्रेक्षकांनी सोडली. मग एकदम पिसाळला आणि दुहेरी शिंगानं अस्वलाला असं भिरकावलं की विचारू नका. डोमिशियननं तर गेंड्याची छबी असलेली नाणी पाडली. कोमोडसनं स्वतः रिंगणात गेंडे, पाणघोडे, हत्ती आणि जिराफ मारल्याचं डिओ नोंदवतो. गेंड्यावर कुणी बसलं होतं याला आधार नाही, तेवढा भाग कल्पनेचा. पण ‘रोममध्ये गेंडा कुठून आला’ असं विचारणाऱ्यानं रोमचा आफ्रिकेशी व्यापार किती होता ते आधी बघावं.

वर्तमानपत्राचं प्रकरण छोटं आहे. छापखाना नव्हता, तेव्हा ते दृश्य चुकलंच. पण रोजच्या घडामोडींचे जाहीर फलक सीझरनं इ.स.पू. ५९ मध्ये सुरू केले होते, त्यांच्या हाती केलेल्या नकला दूरच्या प्रांतांत जात. प्रसिद्ध वक्ता सिसेरो सिलिशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा, सुभेदार असताना त्याचा मित्र त्याला रोमच्या बातम्या अशाच पुरवत असे. आणि दगडी कट्ट्यात रांजण बसवलेली खानावळ पाहायची तर पॉम्पेईत गल्लोगल्ली आहेत.

मॅक्रिनसवरचा आक्षेप मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यात इतिहासाचा आव आहे आणि अज्ञान तेवढंच. मॅक्रिनस हा खरोखर होऊन गेलेला सम्राट. मूळचा मॉरेटेनियातल्या सीझेरियाचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या शर्शेलचा. घराणं अगदी साधं. त्याचा एक कान मूर लोकांच्या रीतीप्रमाणे टोचलेला होता, हे डिओ मुद्दाम सांगतो, आणि सिनेटर म्हणून त्याच्या लेखणीतला तोरा लपत नाही. वकिलीतून वर येत तो शाही पहारेकऱ्यांचा प्रमुख झाला आणि २१७ मध्ये सम्राट. सिनेटर नसताना गादीवर बसलेला तो पहिलाच. त्याचा रंग नेमका कसा होता यावर वाद घालता येईल, पण ‘आफ्रिकेतला माणूस एवढा वर कसा जाईल’ हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याच्या आधीच्या घराण्याचा संस्थापक सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा होता. बर्लिनमध्ये त्या कुटुंबाचं त्या काळचं गोल चित्र आहे, त्यात तो बायकोपेक्षा स्पष्ट सावळा दाखवला आहे.

चित्रपटानं मॅक्रिनसच्या बाबतीत चूक केली ती वेगळी. त्याला पूर्वाश्रमीचा गुलाम आणि ग्लॅडिएटर पाळणारा सौदागर केलं. तो यातलं काहीच नव्हता. पण तेवढं सोडलं तर कावेबाजपणा अस्सल. कॅराकॅलाचा खून त्याच्याच कटातून झाला: ८ एप्रिल २१७, आजच्या तुर्कस्तानातल्या कॅऱ्हीजवळ, सम्राट वाटेत घोड्यावरून उतरून देहधर्म उरकायला बाजूला गेला असताना. आणि मॅक्रिनसच्या राज्यातच कोलोसियमवर वीज पडून आग लागली, लाकडी भाग जळून खाक झाला, पुढे कित्येक वर्षं तिथे खेळ होऊ शकले नाहीत. स्कॉटच्या हातात हे आयतं होतं. त्यानं शार्क घेतले.

राहिले दोन सम्राट. ‘असले बाहुले कुठे असतात’, असं मजकूर म्हणतो. चित्रपट चुकला आहे हे खरं, पण कॅराकॅलाला माकड पाळणारा खुळा पोरगा केल्यानं तो आहे त्यापेक्षा निरुपद्रवी झाला. खरा कॅराकॅला शिपायांबरोबर पायी चालायचा, त्यांच्यासारखंच धान्य स्वतः दळून खायचा. त्याचा संगमरवरी अर्धपुतळा बघा, कपाळाला आठ्या घालून तो आजही अंगावर येतो. यानंच २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं, आणि त्याच्या आदल्याच वर्षी सख्ख्या भावाला मारलं.

तक्रार करायचीच तर दोन जागा दाखवतो, ज्या मजकुरात कधी येत नाहीत. एक, सुरुवातच. रोमन आरमार उत्तर आफ्रिकेतला न्युमिडिया जिंकायला येतं. न्युमिडिया सीझरनं इ.स.पू. ४६ मध्येच रोमला जोडला होता, म्हणजे चित्रपटातले सैनिक जवळजवळ अडीचशे वर्षं आपल्याच असलेल्या मुलखावर चढाई करतात. शार्कपेक्षा ही थाप कितीतरी मोठी, पण पाण्यात पंख दिसत नाही म्हणून कुणाला खटकत नाही.

दुसरी ज्युलिया डोम्ना. कॅराकॅला आणि गेटा यांची आई, सीरियातल्या एमेसाची. समेट घडवायचा म्हणून तिनं दोघांना आपल्या दालनात बोलावलं. कॅराकॅलाचे शिपाई आत घुसले आणि गेटाला तिच्या कुशीत मारलं. अडवताना तिच्या हाताला जखम झाली. मुलासाठी रडायचीही तिला परवानगी नव्हती. त्याच कॅराकॅलाचा पत्रव्यवहार नंतर अँटिओकमध्ये बसून ती सांभाळत होती, आणि त्याच्या खुनानंतर तिनं स्वतःचा शेवट करून घेतला. ही बाई अख्ख्या चित्रपटात नाही. तिच्या जागी पटकथेनं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या लुसिलाला पुन्हा उभं केलं, कारण पहिल्या भागातली ओळखीची माणसं हवी होती. दुसरा भाग फसला असेल तर याच हट्टामुळे: पहिल्याला सोडवत नाही, म्हणून सूडही तोच, रिंगणातलं भाषणही तेच, आणि नायक झालेल्या पॉल मेस्कलच्या वाट्याला क्रोची सावली.