फेस आला म्हणून शतावरी होत नाही

‘रानातल्या मुळात कोणतं औषधी द्रव्य आहे ते घरीच ओळखा’ हा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या गटावर तीनदा येऊन गेला. त्यात चार कसोट्या आहेत: फेस, चुना, चव आणि शंका आली तर उकळी. चारही तपासून बघू.

‘पाण्यात घुसळून फेस टिकला तर शतावरी.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. शतावरीच्या मुळांत सॅपोनिनं, म्हणजे साबणासारखी फेसाळणारी द्रव्यं असतात आणि फेस त्यांचाच. पण रिठा, शिकेकाई, सफेद मुसळी यांनाही फेस येतो. म्हणजे आडनाव कळलं, माणूस कोण ते नाही. अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं, ओळखण्याच्या प्रयोगशाळेतल्या ड्रागेनडॉर्फ चाचणीचंही तसंच. सर्पगंधेतलं रक्तदाब उतरवणारं रेसरपिन असो की काजऱ्याच्या बीमधलं जीवघेणं स्ट्रिक्निन, साका नारिंगीच पडतो. सर्पगंधेच्या मुळातून सलीमुझ्झमान सिद्दीकींनी १९३१ साली अजमलिनसारखी अल्कलॉइडं वेगळी केली. त्याच मुळातलं रेसरपिन मात्र १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या हाती लागलं. मुरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या हातून एकवीस वर्षं निसटलेलं द्रव्य आपल्याला बादलीतल्या फेसात दिसणार?

‘चुना लावून लाल झालं तर हळदीइतकं गुणकारी.’ हळदीला चुना लावला की तिच्यातलं पिवळं करक्युमिन लाल होतं, कुंकवामुळे हे घराघरांत ठाऊक आहे. पण चित्रकाच्या मुळातलं प्लंबॅजिनही चुन्यासारख्या अल्कलीत लालसर जांभळं होतं, आणि ते कातडीवर फोड उठवतं. ‘लाल मूळ रक्त वाढवतं’ अशी पुरवणीही मेसेजात आहे. मंजिष्ठेच्या मुळाची लाली पर्प्युरिनसारख्या रंगद्रव्यांची असते. त्यात लोहाचा अणूही नसतो.

‘कडू नसेल तर बिनविषारी.’ कळलावीचा कंद रताळं समजून खाल्ल्याने श्रीलंकेत विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यातल्या कोल्चिसिन या विषाचा त्रास सुरू व्हायला कित्येक तास जातात, त्यामुळे ‘मी चाखलं, काही झालं नाही’ या अनुभवाला किंमत शून्य.

‘उकळलं की विष जातं.’ बचनागातलं अकोनिटिन बराच वेळ उकळल्यावर तुटून सौम्य होतं, हे खरं. काही कडू कंदांच्या चकत्या वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोग्या करतात, कारण त्यांतलं विष पाण्यात विरघळतं. ही त्या त्या कंदाची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे. कोल्चिसिनला ती लागू नाही. ते शिजवूनही टिकतं.

मग ओळख पटते कशी? मुळाचा अर्क सिलिकाच्या पट्टीवर, शेजारी खात्रीच्या शुद्ध नमुन्याचा ठिपका, मग पट्टी द्रावकात उभी करून दोन्ही सारख्याच उंचीवर चढतात का ते बघायचं. तेवढ्यानेही भागत नाही, पुढे रेणूचं वजन मोजतात. तिथेही गंमत आहे: अश्वगंधेतलं विथाफेरिन ए आणि विथॅनोलाइड ए यांचं रेणुसूत्र एकच, वजन तंतोतंत सारखं, फक्त अणूंची मांडणी वेगळी. ती मांडणी उलगडायला एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना टिपणारं तंत्र लागतं.

आणि या सगळ्याआधी पानाफुलांसकट झाड ओळखून त्याची फांदी दाबून, वाळवून ठेवलेली असते. कळलावीच्या पानाचं टोक वेलाच्या तणाव्यासारखं वळतं आणि आधाराला धरतं. शतावरीला सुईसारखी हिरवी पालवी आणि वेलावर काटे असतात. मूळ उकरून, धुऊन, चिरून ताटात आलं की यातलं काहीच दिसत नाही.