किल्ली, आई आणि संत अंतोनी

मंगळवारी सकाळी पावणेनऊला माझ्या लक्षात आलं की गाडीची किल्ली नाहीये. साडेनऊला सातपूरला पंचिंग, मी नाशिकरोडला, मधे द्वारका चौकातलं ट्रॅफिक, त्यामुळे पुढचं काही सांगायलाच नको. मी सोफ्याच्या गाद्या उचलल्या, कालच्या पँटचे खिसे उलटे केले, फ्रीजमधे बघितलं (हसू नका, एकदा तिथे सापडलीये), वॉशिंग मशीनच्या ड्रममधे टॉर्च मारला. आई गॅसपाशी उभी राहून फक्त "जागच्या जागी ठेवायची सवय लाव" एवढंच म्हणत होती, ज्याचा त्या क्षणी शून्य उपयोग असतो.

मग तिने पदराला गाठ मारली आणि सुरू केलं, "कार्तवीर्यार्जुनो नाम राजा बाहुसहस्रवान्". आमच्या घरात वस्तू हरवली की हाच इलाज, आजीपासून. कार्तवीर्याला हजार हात, आमचा टू बीएचके, खरंतर पाच मिनिटांत उरकायला पाहिजे होतं. नऊ वाजले तरी काही नाही.

तेवढ्यात समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. काकू वसईच्या, ख्रिश्चन, काकांच्या नोटा छापायच्या सरकारी प्रेसमधल्या नोकरीमुळे नाशिकरोडला आल्या त्या इथल्याच झाल्या. उलथापालथ बघून म्हणाल्या, "अरे अंतोनीला सांग ना, हरवलेलं शोधायचं खातं त्याच्याकडेच आहे. आणि आज मंगळवार, त्याचाच वार!"

आई लगेच म्हणाली, मंगळवार गणपतीचा. काकू म्हणाल्या, असूदे की, पण अंतोनीला पुरलं तो दिवस मंगळवार, म्हणून त्याची भक्तीपण मंगळवारी. त्यावर आई गप्प, कारण तिथीवारात कोणी आपल्याला हरवू शकतं हे तिला नवीन होतं.

पुढची वीस मिनिटं मी पलंगाखाली पालथा पडून एका संताचं चरित्र ऐकलं. ११९५ ला लिस्बनमधे जन्म, पाळण्यातलं नाव फर्नांदो. आधी ऑगस्टिनियन पंथाच्या मठात होता, मग १२२० मधे मोरोक्कोत मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या पाच संन्याशांचे अवशेष कोइंब्राला आणले ते बघून याने मठ बदलला, नाव बदललं आणि स्वतःच मोरोक्कोला निघाला. तिथे पोचून आजारी पडला, घरी परत यायला जहाजात बसला तर वादळात जहाज भरकटून थेट सिसिलीला. म्हणजे जो पुढे जगाच्या वस्तू शोधून देणार तो स्वतःच पोर्तुगालला जाता जाता इटलीत निघाला. मला हा माणूस तिथेच आवडला. मीपण एकदा त्र्यंबकला जायचं म्हणून इगतपुरीला पोचलोय.

इटलीत आधी कुठल्यातरी डोंगरातल्या आश्रमात पडेल ती कामं. मग फोर्लीला एका कार्यक्रमात प्रवचन द्यायला कोणीच तयारी करून आलं नव्हतं, ऐनवेळी यालाच उभं केलं, आणि हा असा बोलला की सगळे गार. रिमिनीत लोक ऐकेनात तर नदीकाठी जाऊन माशांना प्रवचन दिलं आणि मासे डोकी वर काढून ऐकत राहिले म्हणतात.

हरवण्याचं खातं कसं मिळालं त्याचीही गोष्ट आहे. याच्याकडे स्तोत्रांचं पुस्तक होतं, शिकवायच्या सगळ्या नोट्स त्यातच लिहिलेल्या. एक नवशिका मठ सोडून पळाला तो ते पुस्तकच घेऊन. आता आम्हा नाशिकरोडवाल्यांना वाटणार छापून घ्यायचं दुसरं, त्यात काय, पण तेव्हा युरोपात छापखाना यायला अजून दोनशे वर्षं होती. म्हणजे बॅकअप नसलेला फोन गेला असं धरा. अंतोनीने प्रार्थना केली आणि तो पोरगा पुस्तक घेऊन परत आला. तेव्हापासून पाकीट, अंगठी, किल्ली, सगळं यांच्याच टेबलावर.

"आणि लग्नपण जमवतो," काकू म्हणाल्या. "पोर्तुगालमधे मुली नवरा मिळेपर्यंत त्याची मूर्ती उलटी टांगून ठेवतात."

आईने गॅस बंद केला. "मुलांसाठी पण बघतात का हो?"

मी पलंगाखालीच थांबलो. वय वर्षं छत्तीस. हा माणूस १३ जून १२३१ ला पादुआजवळ गेला तेव्हा साधारण एवढाच होता, आणि वर्षसुद्धा पूर्ण व्हायच्या आत, ३० मे १२३२ ला पोपने त्याला संत जाहीर केलं. मी छत्तिसाव्या वर्षी धुळीत किल्ली शोधतोय.

शेवटी नवस बोलायची वेळ आली. पादुआत एका बाईचं पोर पाण्यात बुडून गेलं, तिने मुलाच्या वजनाइतकं धान्य गरिबांना देईन असं कबूल केलं आणि पोर जिवंत झालं, अशी आख्यायिका. आपल्याकडे तुला करतात तसंच. त्यावरून अजून लोक अंतोनीच्या नावाने पाव वाटतात. माझं वजन चौऱ्याऐंशी, म्हणून मी म्हणलं तुला किल्लीची धरू, म्हणजे फारतर एक पाव. काकूंनी असं बघितलं की मी गुपचूप तेरा लाद्यांवर आलो.

नऊ पस्तीसला वॉचमन वर आला. "दादा, तुमच्या डिक्कीला किल्ली लटकलीय रात्रीपासून." काल बिटको चौकात भाजी घेतली, ती डिक्कीतून काढली आणि मेथी सांभाळत वर आलो. रात्रभर गाडी किल्लीसकट उघड्यावर उभी आणि नाशिकरोडमधे तिला कोणी हात लावला नाही, माझ्या मते चमत्कार तो होता.

क्रेडिटवरून मात्र आठवडाभर चाललं. आई म्हणाली गाठ आधी मारली होती. काकू म्हणाल्या हजार हात असून रात्रभर काय करत होता तुमचा राजा.

तेरा जूनला संध्याकाळी लाद्या घेऊन चर्चला गेलो, आईपण आली. बाहेर धो धो पाऊस. आईने मूर्ती नीट बघितली, तपकिरी झगा, एका हातात लिली, कडेवर बाळ, आणि म्हणाली, "अरे हा तर आपला बाळ येशू, फेब्रुवारीत नाशिकरोडला ज्याची यात्रा भरते तो!" मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, फादरनी पाव आशीर्वादित केले, मग वाटप. काकूंनी हलकंच सांगितलं की पादुआत याची जीभ वेगळी जपून ठेवलीय, १२६३ ला शवपेटी उघडली तेव्हा बाकी माती झालेली आणि जीभ तशीच ताजी. आई माझ्याकडे बघून म्हणाली, हिचीपण राहील.

निघताना दाराशी बघतो तर शंभरेक छत्र्या, सगळ्या काळ्या, आणि माझी नाही. आईचा हात पदराकडे गेला. मी काकूंकडे बघितलं.

"आज नको रे," काकू म्हणाल्या. "आज सण आहे त्याचा. उद्या सांगू."