माझ्या तोंडातला 'ओ' आणि लीड्सचा 'ओ'

"न्यूट्रल ॲक्सेंटमध्ये इंग्रजी बोला" अशी जाहिरात दिवसाआड समोर येते आणि दर वेळी मी मनातल्या मनात भांडते. आज इथेच भांडून घेते. न्यूट्रल म्हणजे कुठला हो? ब्रिटिश इंग्रजीत ज्याला आपण 'शुद्ध' समजतो, त्याला ध्वनितज्ज्ञ डॅनिअल जोन्स यांनी १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात सरळ 'पब्लिक स्कूल प्रनन्सिएशन' म्हटलं होतं. म्हणजे तिथल्या बड्या घरच्या मुलांच्या खासगी शाळांतला उच्चार. १९२६ च्या आवृत्तीत त्याचं 'रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन' झालं. पाटी बदलली, मालक तेच.

मी गेली दोन वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या हेलात इंग्रजी बोलायला शिकतेय. कारण अगदी साधं: कामानिमित्त रोज ज्याच्याशी बोलणं होतं तो सहकारी तिथल्या लीड्स शहरातला आहे, आणि त्याचं बोलणं मला कानाला गोड लागतं.

त्याआधी मी एका क्लासला जात होते. तिथे 'होम', 'नो', 'गोट' म्हटलं की बाई थांबवायच्या. "ओ सपाट नको, अउ म्हण. ओठ पसरट ठेवून सुरू कर, मग गोल कर." आरशासमोर उभी राहून मी महिनोन्‌महिने हे केलं. तसंच 'डे' आणि 'फेस'चं. ए म्हणायचा नाही, एइ म्हणायचं. आणि मग हा लीड्सवाला भेटला. जुन्या यॉर्कशायरी वळणाचं बोलणारा. तो चक्क 'होम' म्हणतो! सरळ, लांब, एकाच जागी थांबलेला ओ. 'डे'सुद्धा आपल्यासारखाच. म्हणजे जो स्वर माझ्या तोंडात जन्मापासून होता तो पुसायला मी फी भरत होते. (बाईंवर राग नाही. त्यांना दक्षिण इंग्लंडचं इंग्रजी शिकवायचं होतं, त्यांनी तेच शिकवलं.)

स्कॉटलंडचं इंग्रजी तर आणखी जवळ येतं. हेच सपाट ओ आणि ए, शिवाय 'कार' आणि 'वर्ड'मधला र गिळायचा नाही, स्पष्ट म्हणायचा. आपण तेच करतो आणि त्याची लाज बाळगतो.

पण म्हणून सगळं आयतं मिळतं असं नाही. उत्तर इंग्लंडमध्ये 'कप' हा 'कुप' होतो, 'पुट'मधल्या उकारासारखा. 'बाथ', 'ग्लास', 'लास्ट' यांतला आ आखूड होतो. हे कळल्यावर मी उत्साहाने दिसेल तो आ आखडून टाकला. 'फादर' आखूड, 'हाफ' आखूड. सहकारी बिचारा दोन दिवस गप्प बसला, तिसऱ्या दिवशी म्हणाला की हे दोन आम्हीही लांबच म्हणतो. का ते त्याला सांगता येईना.

त्याहून मोठी फजिती झाली 'द'ची. यॉर्कशायरी नक्कल करणारे 'टु द पब'ला 'टु ट्‌पब' म्हणतात, ते ऐकून मीही तो ट्‌ ठणठणीत वाजवला. फोनवर पलीकडे हसू फुटलं. खरा माणूस तिथे बहुतेकदा ट म्हणतच नाही, घशात क्षणभर श्वास अडवतो आणि पुढे जातो. लिहिताना तो टी लिहितात, म्हणून बाहेरचे वाचून फसतात.

शिवाय यॉर्कशायर म्हणजे एकच हेल असंही नाही. बारा कोसांवर भाषा बदलते ही म्हण तिथेही चालेल. हल शहरात 'फोन कॉल'चा 'फर्न कॉल' होतो. मी व्हिडिओंमधून दिसेल त्याचं उचलत गेले आणि काही काळ माझ्या एकाच वाक्यात लीड्स आणि हल दोन्ही नांदत होते. तेव्हापासून एकच माणूस धरलाय. त्याचं एक वाक्य रेकॉर्ड करते (त्याला विचारून), ते ऐकत त्याच्या मागोमाग म्हणते, मग स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकते. स्वतःचा आवाज ऐकणं हा यातला सगळ्यात कडू भाग.

सगळ्यात जास्त मेहनत मात्र हेलाची नव्हतीच, ती कुठल्याही इंग्रजीला लागली असती. आपला 'प' कोरडा असतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला तो हवेचा झोत घेऊन येतो. मी 'पॅक' म्हणायचे, समोरचा 'बॅक' ऐकायचा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून बसले: 'पिन'ला ती फडफडली पाहिजे, 'स्पिन'ला जवळजवळ स्थिर.

"पण तू कुठे तिथली आहेस? हे सोंग नाही का?" असं मला विचारतात. थोडं आहे. म्हणून मी एक रेघ आखलीय: स्वर आणि चाल घेते, पण 'नथिंग'ला 'नाउट' म्हणणं वगैरे तिथले घरगुती शब्द घेत नाही. ते शब्द तोंडात आले की मी मला उसनी वाटते. उद्या कदाचित वाटणार नाही. आणि सोंगच म्हणायचं तर बड्या शाळांचा उच्चार हे माझ्यासाठी कमी सोंग कसं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा त्याच्या हेलावर खुद्द इंग्रज श्रोतेच कुरकुरले होते.

गेल्या आठवड्यातली गंमत. मी सहकाऱ्याला म्हटलं, तुम्ही 'ब्रॅडफर्ड' शहराला 'ब्रॅटफर्ड' म्हणता, ड चा ट करता. तो मानायलाच तयार नाही. तीनदा म्हणून दाखवलं आणि तिन्ही वेळा अगदी जपून, स्पष्ट ड. मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज: "काल आईला फोन केला. ती ट म्हणते. मीही म्हणतो, बायकोने पकडलं."