कँडीत साखर किती, हा दुसरा प्रश्न

शाळेजवळच्या दुकानांत साध्या लिमलेट गोळ्या आता मागे पडल्यात. चोखायच्या खड्याची अंगठी, शिट्टीचा लॉलीपॉप, जिभेवर मारायचा आंबट स्प्रे, पुडीतल्या पावडरीत बुडवून चाटायची कांडी, असला माल पुढे आलाय. पालक विचारतात, "यात साखर किती?" विचारायलाच हवं, पण त्याआधी विचारा: ही वस्तू तोंडात किती वेळ राहणार, आणि ती किती आंबट आहे?

साखरेचं गणित सोपं आहे. साखर आणि लिक्विड ग्लुकोज साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवलं की पाणी जवळजवळ सगळं उडतं आणि कडक गोळी होते. १०० ग्रॅमला साधारण ३९० कॅलरी, प्रथिनं नाहीत, तंतू नाहीत. ४ ग्रॅमच्या गोळीत जेमतेम १६ कॅलरी, १४ ग्रॅमच्या अंगठीत ५५च्या आसपास, म्हणजे साडेतीन चमचे साखर. रोज १४०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला वरून घातलेली साखर ३५ ग्रॅमच्या आत, जमलं तर १७च्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण सांगतं. एका अंगठीने ते मोडत नाही.

दात मात्र बिघडतात. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल. तो साधारण ५.५च्या खाली गेला की दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, आणि खाणं थांबल्यावर लाळेला ते निवळायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. आता अंगठी कशी खातात ते पाहा. दोन मिनिटं चोखायची, खेळायचं, पुन्हा तोंडात घालायची. दर वेळी घड्याळ पहिल्यापासून सुरू! म्हणून "थोडं थोडं खा" हा प्रेमाने दिलेला सल्ला इथे उलटा पडतो. द्यायचीच तर जेवणानंतर लगेच, एका बैठकीत संपेल एवढीच द्या. झोपताना अजिबात नको, कारण रात्री लाळ कमी होते.

आंबट प्रकारांत आम्ल बाहेरूनच येतं. लेबलवर ३३० म्हणजे सायट्रिक, २९६ म्हणजे मॅलिक आम्ल. अशा बऱ्याच कँडीचा पीएच ३च्या आसपास किंवा खाली असतो, त्यामुळे शुगर-फ्री असली तरी इनॅमल झिजतं. पावडर जिभेवर साठली तर साल निघते, तोंड येतं. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश मात्र किमान अर्ध्या तासाने करा, मऊ पडलेलं इनॅमल लगेच घासलं तर जास्त झिजतं. आणि पाकिटावरच्या "व्हिटॅमिन सी"ला भुलू नका. एक पेरू द्या.

चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळी देऊच नये, याबद्दल मी अजिबात तडजोड करणार नाही. मोठ्यांनाही धावताना, गाडीत, आडवं पडून नको. फिरत्या गोळ्याच्या बाटलीतली आंबट कँडी अमेरिकेत २०२३मध्ये परत मागवली गेली, कारण गोळा सुटून घशात अडकल्याने एका मुलीचा जीव गेला होता. एक वर्षावरचं मूल गुदमरून आवाज काढू शकत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा, मग बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाब, आळीपाळीने. कुणाला तरी १०८ला फोन करायला सांगा. मूल खोकत असेल तर खोकू द्या. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, गोळी आणखी खाली जाते. दिवा लागणाऱ्या लॉलीपॉपच्या दांडीत बटण सेल, म्हणजे बटणासारखी छोटी चपटी बॅटरी, असू शकतो. तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

रंगांची भीती मला दातांपेक्षा कमी वाटते. तरी १०२, ११०, १२२ असे आकडे असतील तर एवढं माहीत असू द्या की युरोपात २०१०पासून या रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर व वागण्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. लेबल नसलेला सुटा माल घेऊच नका.

घरात मधुमेह असलेल्यांसाठीही एक. लेबलवर "शुगर"ची नाही, कार्बोहायड्रेटची ओळ वाचा, लिक्विड ग्लुकोजमधल्या लांब साखळ्या (एकमेकांना जोडलेले ग्लुकोजचे कण) तिथेच दिसतात आणि रक्तातली साखर त्याही वाढवतात. साखर अचानक उतरली तर मात्र खिशातली गोळी कामाला उशिरा येते, कारण ती विरघळायलाच वेळ घेते. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.