‘आमच्या शिबिराला पोलीस पडताळणी कशाला?’ : बडोद्यात फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो. दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत पुष्कळांच्या फोनवर तो येऊन गेला असेल. त्याचं सार असं : शिबिरं, संस्कारवर्ग, आखाडे, तबला-कथकचे क्लास यांच्याकडे पालक हल्ली शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी (त्यांच्यावर आधी गुन्हा नोंदला आहे का, याची तपासणी) मागतात, हे विलायती खूळ आहे. कायदा फक्त शाळांना आहे. आपल्यात सगळे एकमेकांना ओळखतात. असा संशय घेतला तर उद्या कोणी शिकवायला उभं राहणार नाही. आणि कधी काही झालंच, तर मंडळ ते आतल्या आत मिटवेल. शेवटी अर्थातच ‘पुढे पाठवा’. चांगल्या जाणत्या माणसांनीही तो पुढे पाठवला, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कायदा फक्त शाळांना.’ हे साफ चूक आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 चा, आणि त्याखालचे आत्ता लागू असलेले नियम मार्च 2020 चे. त्यातला तिसरा नियम म्हणतो की जिथे मुलं राहतात किंवा ज्यांचा मुलांशी नेहमीचा संबंध येतो, अशा प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी ठरावीक काळाने करून घ्यायची. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या यांची त्यात नावं घेतली आहेत, आणि पुढे ‘मुलांसाठीची इतर कोणतीही सोय’ असंही आहे. कर्मचारी शिकवणारा असो की झाडलोट करणारा, कायम असो की कंत्राटी. आखाड्याने स्वतःला शाळा म्हटलं नाही म्हणून तो यातून सुटत नाही.

हा गैरसमज कुठून आला असावा, याचा मला अंदाज आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला शिक्षक नेमू नये, असं त्यात आहे. पण त्यांतली कोचिंगची व्याख्या 50 हून जास्त विद्यार्थ्यांची, आणि खेळ, नृत्य, नाट्य वगैरे त्यातून स्पष्टपणे वगळलेलं. कोणीतरी ही वगळणूक वाचली आणि कथकच्या क्लासला कुठलाच कायदा नाही असं ठरवून टाकलं. त्या सूचना नोंदणी, फी, जागा यांच्याबद्दल आहेत. पोक्सो वेगळा, आणि तो कोणालाही वगळत नाही.

‘विलायती खूळ.’ लेस्टर-वेंबलीला ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी हे आधी त्यांनाच विचारावं. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही यंत्रणा शाळा आणि नोंदणीकृत बालसंगोपन केंद्रं तपासते. खासगी शिकवण्या, संडे स्कूल, मदरसे, खेळाचे क्लब बहुतांशी तिच्या कक्षेबाहेर आहेत. अशा जागांची नोंदणी आणि तपासणी करावी, असा प्रस्ताव तिथे 2015 मध्ये आला होता. आठवड्याला सहा तासांहून जास्त शिकवणाऱ्या जागा त्यात येणार होत्या. चर्चशी संबंधित गटांनी कडाडून विरोध केला आणि 2018 मध्ये सरकारने तो सोडून दिला. आज तिथे या जागांसाठी आहे ते बंधनकारक नसलेलं मार्गदर्शन. शंका आली तर कळवलंच पाहिजे अशी सक्ती करावी, ही शिफारस तिथल्या बाल लैंगिक अत्याचार चौकशी आयोगाने केली 2022 मध्ये. आपल्याकडे ती सक्ती 2012 पासून आहे. म्हणजे या बाबतीत आपण कोणाची नक्कल केलेली नाही.

आणि मुलांसाठी सरकारने घरात डोकावणं बडोद्याला नवीन का आहे? सयाजीरावांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा 1904 मध्ये केला, मोडणाऱ्याला दंड ठेवला, आणि 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं. त्यांचे फोटो लावायचे आणि हे विसरायचं, हे बरं जमतं आपल्याला.

‘आपल्यात सगळे एकमेकांना ओळखतात.’ सगळ्यांना हाच मुद्दा पटतो, म्हणून इथे जरा थांबते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. व्याख्या व्यापक होती, सगळे प्रसंग एकाच गांभीर्याचे नव्हते, हे खरं. पण त्रास देणाऱ्यांत जवळजवळ निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या, जबाबदारीच्या जागेवरचे होते. बहुतेक मुलांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि त्रास झालेल्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच निघाले. ‘आमचा आखाडा तर पोरांचा, तिथे काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

ओळख हे संरक्षण नाही, कारण ओळखीतूनच वाट मिळते. अनोळखी माणसाच्या स्कूटरवर मूल बसत नाही, शिबिरातल्या दादाच्या बसतं. क्लास सुटल्यावर ‘थांब, तुझा जादा सराव घेतो’ म्हणणाऱ्याला आई हात जोडते. मग खाऊ, मग मोबाइलवर रात्रीचे मेसेज, मग ‘घरी सांगू नकोस’. हे सगळं चांगल्या शिक्षकाच्या मायेसारखंच दिसतं, तिथेच तर गोम आहे. म्हणूनच विश्वासाच्या जागेवरच्या माणसाने किंवा शिक्षणसंस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा पोक्सो अधिक गंभीर धरतो. अशा माणसाने मुलाच्या शरीरात प्रवेश करून केलेल्या लैंगिक अत्याचाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 20 वर्षांची शिक्षा आहे.

फॉरवर्डच्या बाजूने एक कबूल करायला हवं. पडताळणीचा कागद फार काही सांगत नाही. पोलिसांच्या दप्तरात जे नोंदलं गेलं तेवढंच त्यात दिसतं, आणि वर म्हटलंच की मुलं सांगत नाहीत. तो कागद फायलीला लावून निश्चिंत होणारं शिबीर मला कागद नसलेल्या शिबिराइतकंच काळजीचं वाटतं. वागण्याचे नियम जास्त कामाचे : मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, मुलाला परस्पर मेसेज करायचा नाही, आईवडिलांना सांगितल्याशिवाय घरी सोडायचं नाही, मुक्कामी शिबिरात मोठ्यांनी मुलांच्या खोलीत झोपायचं नाही.

‘पाठीवर थाप दिली तरी तुरुंग.’ नाही. स्पर्शाचा गुन्हा ठरायला लैंगिक हेतू लागतो. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर 2021 च्या निकालात हेतूवरच बोट ठेवलं. दुष्टाव्याने खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला याच कायद्याच्या कलम 22 खाली शिक्षा आहे. भीती अगदीच पोकळ नाही : काही कलमांत आरोपीनेच आपण निर्दोष असल्याचं दाखवायचं असतं. पण मग उघडं दार आणि दुसरं मोठं माणूस हजर, हे शिक्षकाच्याच फायद्याचं नाही का? मल्लखांब शिकवताना मुलाला हात लावावाच लागतो. तो चार जणांसमोर, काय करतोय ते सांगून लावला, तर कोणाची हरकत असेल?

‘मंडळ आतल्या आत मिटवेल.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला आपण गुन्ह्याचा सल्ला देतो आहोत, हे बहुधा माहीत नसावं. कलम 19 म्हणतं की असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवायचं. आधी समिती नेमा, मग खात्री करा, मग ठराव करा, असं त्यात कुठेही नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. न कळवणं म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं. बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं 2024 चं प्रकरण आपण सगळ्यांनी पाहिलं. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता, आणि वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला.

‘मुलाला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील’ ही त्यातली आणखी एक भीती. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा, असं कलम 24 सांगतं. नाव छापायला बंदी आहे. तसं होत नसेल तर त्याचा आग्रह धरा. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मूल स्वतःही फोन करू शकतं.

राहता राहिला ताजा कलम : ‘आमचे दादा-ताई मानधन घेत नाहीत, म्हणून नियम लागू नाही.’ पडताळणीच्या नियमात शब्द कर्मचाऱ्यांचा आहे, हे खरं. स्वयंसेवकाबाबत एखादं मंडळ त्या शब्दावर बोट ठेवू शकेल. पण कळवण्याची सक्ती ‘कोणाही व्यक्तीवर’ आहे, आणि विश्वासाच्या जागेचं कलम पगाराची पावती मागत नाही.